किटलीचे झाकण आणि इतर मालमत्ता

मी, येलिसेय प्लातोनोविच त्वेरितिनोव, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा वार्ताहर, राहणार पोगोरेल्स्क, वोलोग्दा प्रांत, कामगार गल्ली, घर क्रमांक चार, वरचा मजला, डावीकडची खोली, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, स्मरण शाबूत आहे, कोणीही माझ्या मानेवर बसून हे लिहून घेत नाही. फक्त माझ्या किटलीला झाकण नाही.

झाकणाचा विषय मी प्रथम घेतो, कारण उरलेल्या सगळ्या मालमत्तेपेक्षा त्याबाबत माझा दावा स्पष्ट आहे. सदर झाकण निळ्या एनॅमलचे, कडेला टवका उडालेले, वर काळी लाकडी गुंडी असलेले. दिनांक ११ मार्च १९६५ रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, किटली चुलीवर उकळत असताना, ते माझी शेजारीण क्लाव्दिया निकानोरोव्ना हिने आमच्या सामायिक स्वयंपाकघरातून उचलले आणि आजतागायत परत केलेले नाही. अकरा वर्षे आणि सात महिने माझ्या चहाची वाफ छताला जाते आहे. छताचा रंग त्या जागी पोपडे धरून खाली येतो, चहात पडतो, आणि मी तो पितो. मृत्युपत्र लिहिण्याला एवढे कारण कोणत्याही न्यायालयाला पुरे व्हावे.

सोमवारी मला वोलोग्दाला पोटाच्या ऑपरेशनसाठी जायचे आहे, हे दुसरे कारण. डॉक्टर म्हणाले की गाठ लहान आहे. फार प्रेमाने म्हणाले. इतक्या प्रेमाने माझ्याशी यापूर्वी फक्त एकदा एक तपास अधिकारी बोलला होता.

रीतसर मृत्युपत्र मी केलेले आहे. गावातल्या नोटरी तमारा ल्वोव्ना यांच्याकडे परवा चार पानांचा मसुदा घेऊन गेलो. त्या चष्मा सरकवत वाचत गेल्या आणि पेन्सिलीने खोडत गेल्या.

"हे काय? 'कोशाच्या पाचव्या खंडाची राख'?"

"आठवण आहे."

"राख मालमत्ता नाही. खोडते. 'माझ्या सहीचा पंजा'? कसला पंजा? खोडते. 'फेदोत मोक्रूशिन याला क्षमा, निम्मी'? अहो येलिसेय प्लातोनोविच, हे सरकारी कार्यालय आहे, क्षमा देवळात मागतात, आणि देवळात तर आपण बटाटे साठवतो."

शेवटी चार पानांतून दोनच गोष्टी उरल्या. बचत बँकेचे पुस्तक आणि झाकण.

"झाकण चालेल," तमारा ल्वोव्ना म्हणाल्या. "झाकण जंगम मालमत्ता आहे."

सगळे खोडून भलतेच ठेवण्याची ही माझ्या आयुष्यातली दुसरी वेळ. पहिलीचे वर्णन पाचव्या कलमात येईल. तमारा ल्वोव्नांवर माझा राग नाही. त्यांना दाखवलेल्या मसुद्यात सातवे कलम नव्हते, मी एवढाही खुळा नाही. म्हणून हे दुसरे मृत्युपत्र, हाताने लिहिलेले, ज्याला कायद्याच्या दृष्टीने काहीही किंमत नाही आणि ज्यात मला जे म्हणायचे ते सगळे आहे.

कलम पहिले. बचत बँकेतली रक्कम माझी मुलगी आग्लाया येलिसेयेव्ना हिला. ती चेरेपोवेत्स येथे बालवाडीत शिक्षिका आहे. ती सहा वर्षांची असताना तिची आई तिला घेऊन गेली, आणि योग्य केले. ज्या घरी पाहुणे आले की आधी खिडकीतून पाहावे लागते, तिथे मूल वाढवू नये. आग्लाया वर्षातून दोनदा भेटते. मागच्या वेळी तिने माझा कोट शिवून दिला आणि दोरा दातांनी तोडता तोडता म्हणाली, "बाबा, तुम्ही केफीर कुत्र्याच्या गोष्टीसारखं आणखी एखादं का नाही हो लिहीत? मुलं विचारतात." मी म्हणालो, बघू. तो कोटही तिलाच. शिवण अजून टिकून आहे.

कलम दुसरे. संस्कृत-जर्मन कोश, मुळात सात खंड, सध्या पाच. लेनिनग्राद विद्यापीठात मी संस्कृत शिकलो. आमचे गुरुजी वृद्ध होते, काठी टेकत येत, रूपे चुकली की काठीलाच रागावत. सदतीस साली, अटकसत्र चालू असताना, शरद ऋतूत एके दिवशी आले नाहीत. फळ्यावर अर्धा श्लोक राहिला होता. तो कोणी पुसला नाही आणि पूर्णही केला नाही. आम्ही नऊ विद्यार्थी आठवडाभर त्या अर्ध्या श्लोकासमोर खाली मान घालून बसलो. मग फळा बदलण्यात आला. कोश त्यांच्या विधवेने मला दिला. जर्मनांनी लेनिनग्रादला घातलेल्या वेढ्याच्या पहिल्या हिवाळ्यात मी आघाडीवर होतो. माझ्या आईने पाचवा आणि सहावा खंड शेगडीत घातले. तिचे बरोबर होते, पुस्तके जाड होती आणि हळू जळत. पाचव्या खंडात 'म' होता. त्यामुळे मृत्यू, मोक्ष, माया, मैत्री या विषयांत माझे ज्ञान कच्चे राहिले ते आजवर. उरलेले पाच खंड विद्यापीठाच्या ग्रंथालयाला. पाठवताना दोन खंड गहाळ झाले असे टपालखात्याला वाटू नये, म्हणून वेष्टनावर लिहावे: जळले, उपयोगी पडले.

कलम तिसरे. टाइपरायटर, ज्याचा एक दांडा नेहमी वर अडकतो, फेदोत सावेलिच मोक्रूशिन याला. फेदोत नदीवरचा जुना माणूस. चाळीस वर्षे त्याने आमच्या नदीत ओंडके सोडले, तराफे बांधले, ते समुद्राकडे नेले. त्याला टाइप करता येत नाही. पण दर रविवारी माझ्याकडे बसून तो यंत्राच्या कळांवर बोटाने ठकठक करतो आणि म्हणतो, "छान आवाज आहे रे. बर्फ फुटताना असाच येतो." आवाजासाठी म्हणून त्याला.

त्याला निम्मीच क्षमा का, ते इथेच सांगतो. माझ्या कधीही न छापलेल्या कादंबरीतले एक प्रकरण, हद्दपारांच्या तिसऱ्या बराकीतल्या माणसांचे, मी त्याला एकदा तोंडी सांगितले. दोन तास. आयुष्यात दुसऱ्या कोणाला मी ते ऐकवलेले नाही. तो त्याच बराकीत चार हिवाळे काढलेला. ऐकून घेतले, विडी विझवली आणि म्हणाला, "हो. असंच होतं."

मी त्याच्यापुढे पुन्हा काडीपेटी सरकवली.

"असंच होतं," तो पुन्हा म्हणाला. "मग लिहिलंस कशाला? आम्हाला माहीत आहे."

"ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फेदोत."

"ते ऐकतील होय?"

आणि बूट घालून गेला. ही स्तुती होती की काय होते, ते मला नऊ वर्षांत कळलेले नाही. उरलेली निम्मी क्षमा त्याने स्वतः समजून सांगितल्यास देण्यात येईल.

कलम चौथे. पोगोरेल्स्कच्या जिल्हापत्रात मी गेली सतरा वर्षे वार्ताहर आहे. दूध वाढले, दूध घटले, बीट वेळेवर पेरले, पुलाची फळी बदलली. यातल्या एकाही बातमीखाली माझे नाव नाही. 'आमच्या वार्ताहराकडून' एवढेच. पासष्ट सालापासून माझे नाव फक्त एका कुत्र्याच्या पुस्तकावर छापावे असे ठरलेले आहे. बातम्यांची कात्रणे मी सात पुठ्ठ्यांत चिकटवून ठेवली आहेत. गोपालन केंद्राच्या गोदरेवा बाईंबद्दल मी एकदा लिहिले होते की त्या गाईंशी बोलताना टोपी काढतात. संपादकांनी टोपी कापली. टोपी हीच बातमी होती. पुठ्ठे चुलीला.

कलम पाचवे. केफीर.

ज्यांना लहानपण आठवते त्यांना हा कुत्रा सांगायला नको. पांढरा, एक कान काळा, आंबवलेल्या दुधाचे नाव त्याला. ओंडक्यावर उभा राहून नदीतून समुद्रापर्यंत जातो आणि वाटेत तराफेवाल्यांवर भुंकून त्यांना शिस्त लावतो. बावीस पाने. सतरा आवृत्त्या. मिठाईच्या कागदावर त्याचे चित्र, नववर्षाच्या पोस्टकार्डावर त्याचे चित्र. आग्लायाच्या बालवाडीत दर वसंतात त्याचे नाटक होते आणि केफीर कोणी व्हायचे यावरून मारामारी.

तो कुत्रा मी लिहिला कापून टाकण्यासाठी.

सत्तावन्न साली माझी कादंबरी पुरी झाली, तीनशे नव्वद पाने, नाव 'तळाचे लाकूड'. या नदीकाठच्या वस्तीत हद्दपार करून आणलेल्या शेतकऱ्यांची. माझे वडील त्यांत होते; ओंडक्यांच्या कोंडीत सापडले आणि परत वर आले नाहीत. मी हस्तलिखित घेऊन लेनिनग्रादला एका प्रकाशनसंस्थेत गेलो. तिथल्या संपादक रिम्मा ओसिपोव्ना, वयाने माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या, सिगारेट ओढत, पण ती पेटवायला विसरत. त्यांनी तीन आठवड्यांनी मला उपाहारगृहात बोलावले, सूप मागवले आणि विचारले:

"येलिसेय प्लातोनोविच, कुत्रा कुठाय?"

"कसला कुत्रा?"

"पांढरा! अहो, तुम्ही एवढं पुस्तक आणलंत आणि कुत्रा नाही आणलात? वरच्यांना काही कापायला नको? कात्री घेऊन बसलेत ते दिवसभर, काही हाती लागलं नाही तर तुमच्या पोटालाच लावतील. एक कुत्रा सोडा मध्ये. ढळढळीत. विनाकारण. ते म्हणतील, कुत्रा काढा. मी भांडेन, तुम्ही तोंड पाडून बसा, शेवटी काढू. ते खूश, पुस्तक बचावलं. सगळे असंच करतात, तुम्ही कुठल्या अरण्यात राहता?"

"पोगोरेल्स्कात."

"दिसतंयच. सूप घ्या, निवतंय."

त्याच उपाहारगृहात तीन दुपारी बसून मी बावीस पाने लिहिली. हसत लिहिली. रिम्मा ओसिपोव्ना वाचताना हसल्या, मोठ्याने, बाजूच्या टेबलावरची माणसे वळली. त्यांना हसताना मी पाहिले ते फक्त तेव्हा. कुत्रा विसाव्या प्रकरणात घातला, जिथे त्याला कसलेही काम नव्हते. पाने झाली चारशे बारा.

चार महिन्यांनी हस्तलिखित परत आले. प्रत्येक पानावर लाल पेन्सिलीचा तिरका फराटा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, अगदी नीट, पट्टी लावून मारल्यासारखा. तीनशे नव्वद पाने. आणि कुत्र्याच्या बावीस पानांच्या समासात, त्याच लाल पेन्सिलीने, बारीक अक्षरात: 'जिवंत आहे. ठेवावे. मुलांसाठी?'

तो लाल पेन्सिलवाला कोण, मला कधी कळले नाही. त्याच्या अक्षरावरून माणूस नीटनेटका असावा.

केफीरपासून जे काही येत राहील ते आग्लायाला. मुलांची पत्रेही तिलाच. पलंगाखाली चार पोती आहेत. 'प्रिय केफीर, तुला थंडी वाजत नाही का?' 'प्रिय केफीर, आमच्या मांजरीला पिल्ले झाली, तू येशील?' मी प्रत्येक पत्राला उत्तर दिले आहे, कुत्र्याच्या वतीने, खाली शाईचा पंजा उमटवून. पंजा बटाटा कोरून केलेला आहे, दर शरदात नवा. कुत्र्याला वर्षाला चारशे पत्रे येतात. मला एक पोस्टकार्ड येते. उत्तरे देणे आग्लायाने चालू ठेवावे. मुलांना कळू देऊ नये.

फेदोतचे म्हणणे नोंदवतो, कारण त्याने तसा आग्रह धरला: कुठलाही कुत्रा वाहत्या ओंडक्यावर उभा राहत नाही. पहिल्या वळणाला पाण्यात.

कलम सहावे. झाकण, आणि ते का परत मिळाले नाही.

कादंबरी मी टाइपरायटरवर कार्बन लावून पाच प्रतींत काढली होती. पातळ कागद, एकावर एक पाच. पहिली प्रत काळी, दुसरी करडी. पाचवीपर्यंत पोचताना अक्षरे धुक्यातल्या झाडांसारखी. पहिली, लाल फराट्यांसह परत आलेली, पुढे जप्त झाली. चौथी मी एका ओळखीच्या माणसाला वाचायला दिली आणि ती लेनिनग्रादच्या स्थानकावर त्याच्या बॅगेत सापडली. तेव्हा ११ मार्च पासष्टला सकाळी नऊ वाजता तिघे झडती घ्यायला माझ्या दारात आले, जोडे पुसून. दुसरी आणि तिसरी प्रत फरशीखाली होती. तिथे त्यांनी सर्वांत आधी पाहिले. मी फरशीखाली ठेवले याचा मला आजही संकोच वाटतो; इतका शिकलेला माणूस.

पाचवी स्वयंपाकघरात होती, माझ्या पिठाच्या डब्यात. ते शेजारणीला माहीत होते, कारण पीठ ती मला न विचारता घेत असे.

मी खोलीत त्यांच्यासमोर बसून होतो. क्लाव्दिया निकानोरोव्नाने तेवढ्या वेळात कागदांची गुंडाळी मेणकापडात बांधली, पाच लिटरच्या दुधाच्या कॅनमध्ये उभी घातली आणि वर आंबवलेला कोबी दाबून भरला. कॅनचे झाकण आदल्या उन्हाळ्यात दूधकेंद्रावर हरवलेले. तिने माझी किटली उघडली, झाकण उचलले आणि बसवले. बसले.

मग तिघांपैकी जाडा तो स्वयंपाकघरात आला. भिंत पातळ आहे, मी ऐकत होतो.

"या कॅनमध्ये काय?"

"कोबी."

"उघडा."

"हात आहेत ना? तुम्हीच उघडा. वाटी देऊ का?"

झाकण काढल्याचा आवाज आला. मग चावण्याचा. मी डोळे मिटले.

"मीठ कमी आहे, काकू."

"तुझ्या आईनं शिकवलंन् तुला मीठ?" क्लाव्दिया निकानोरोव्ना कडाडली. "तीस वर्षं कोबी घालतेय मी! सरक, फरशी ओली आहे, तुझे जोडे बघ!"

तो सरकला. ते अकराला गेले. मला दुपारी वोलोग्दाला नेले, दहा दिवसांनी सोडले, आणि परत येऊन मी चहा ठेवला तेव्हा किटली उघडी. मी ओरडलो की माणूस तुरुंगात गेला म्हणून त्याची भांडी पळवायची का? तिने फक्त खिडकीखालच्या गार कपाटाकडे बोट केले.

तो कॅन तिथेच आहे. ती दर शरदात वरचा कोबी बदलते. काय आहे ते तिने एकदाही वाचलेले नाही. मी विचारले होते. म्हणाली, "मला काय करायचंय? जे मला ठाऊक नाही ते कोणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. आणि तुमच्यासाठी मी काही चष्मा करायची नाही." मीठ कमी म्हटल्याचा राग मात्र तिचा अजून गेलेला नाही. त्या जाड्याचे नाव कळले असते तर तिने मंत्रालयाला पत्र लिहिले असते.

नवे झाकण मी घेऊ शकलो असतो. दुकानात मिळतात. पण मी नवे घेतले असते तर तिला वाटले असते, मी त्या कॅनचा नाद सोडला. म्हणून वाफ छताला जाऊ दिली, आणि रोज सकाळी ओरडलो, आणि ती रोज सकाळी म्हणाली, "ओरडा, लेखक, ओरडा. पाणी तेवढ्यानं लवकर उकळेल."

सबब सदर झाकण मी क्लाव्दिया निकानोरोव्ना हिला कायमचे देत आहे. किटलीही. दोन्ही पुन्हा एकत्र आलेली तिने पाहावीत. याखेरीज तिला देण्यासारखे माझ्याकडे काही नाही, आणि हे तिला माहीत होते, सगळा वेळ.

कलम सातवे. कादंबरी 'तळाचे लाकूड', पाचवी प्रत, जगातली एकमेव.

आग्लायाला मी ती देत नाही. तिच्याकडे सापडली तर तिची बालवाडी जाईल, आणि तिथे तिच्याइतके त्या मुलांचे नाक नीट कोणी पुसत नाही.

ती रिम्मा ओसिपोव्नांना द्यावी.

हे ऐकताच क्लाव्दिया निकानोरोव्नाने हात कपाळाला लावला, कारण गेली अकरा वर्षे मी त्या बाईचे नाव घेतलेले नव्हते. कारण असे. वोलोग्दाला त्या दहा दिवसांत तपास अधिकाऱ्याने मला चहा दिला, झाकण असलेल्या किटलीतून, आणि म्हणाला, "तुमच्या पुस्तकावर तज्ज्ञांचं मत मागवलंय, येलिसेय प्लातोनोविच. तुमच्याच संपादकबाई. वाचतो हं." आणि वाचले. मला ते पाठ आहे. संस्कृत शिकणाऱ्याला एकदा ऐकलेले पाठ होते, ही त्या विद्येची मोठी गैरसोय.

'कलादृष्ट्या कमकुवत. लेखकाला माणसांपेक्षा लाकडाविषयी अधिक माया आहे. पात्रे एकाच आवाजात बोलतात. समाजाला या लेखनापासून धोका नाही, कारण ते कोणी शेवटपर्यंत वाचणार नाही.'

अधिकारी इतका हसला की त्याला रुमाल काढावा लागला. "सात वर्षांची कैद होती तुमच्या नावावर," तो म्हणाला. "पण कंटाळवाणं लिहिण्याबद्दल कायद्यात कलम नाही. जा घरी. कुत्रा लिहा."

मी घरी आलो.

फेदोत म्हणतो, ती फितूर. भ्याली आणि तुला विकला. क्लाव्दिया निकानोरोव्ना म्हणते, "अहो बावळट, तिनं तुम्हाला सोडवलं! चांगलं आहे म्हणाली असती तर आज तुम्ही कुठे असता? अक्कल लागते असं लिहायला. जा, पाया पडा तिच्या." दोघे माझ्यादेखत यावर इतक्यांदा भांडले आहेत की आता थकून फक्त हातवारे करतात. मी सोमवारी फेदोतचे ऐकतो, गुरुवारी हिचे.

रिम्मा ओसिपोव्ना दर नववर्षाला पोस्टकार्ड पाठवतात. त्यावर नेहमी केफीरचे चित्र, कारण दुकानात तेच मिळते. मजकूर नेहमी एकच: 'तब्येत सांभाळा.' अकरा पोस्टकार्डे टेबलाच्या वरच्या खणात आहेत. मी एकालाही उत्तर दिलेले नाही. चारशे मुलांना दरवर्षी उत्तर देणाऱ्या माणसाने हे केले, याची नोंद असावी.

व्यवस्था अशी. माझे बरे-वाईट झाल्यास क्लाव्दिया निकानोरोव्नाने कॅन जसाच्या तसा, वरच्या कोबीसह, रेल्वेने लेनिनग्रादला न्यावा. तिच्याशी बोलणे झाले आहे.

"नेईन," ती म्हणाली. "पण कोबी परत आणणार नाही. घेऊ दे तिला. एकटी राहते ना?"

"एकटीच असावी."

"मग दोन किलो जास्त घालते. आणि हे बघा, मीठ बरोबर आहे म्हणून सांगा तिला आधीच."

रिम्मा ओसिपोव्नांना माझी विनंती: कागद फिके आहेत, खिडकीपाशी बसून दिवसा वाचावे. शेवटपर्यंत वाचावे. चारशे बाराव्या पानाच्या मागच्या बाजूला एक ओळ लिहावी, आणि ती कोणाला दाखवू नये. मग प्रत ठेवायची की जाळायची ते त्यांनी ठरवावे. त्या वेळी मी नसेन, तेव्हा भिण्याचे किंवा दया करण्याचे त्यांना कारण उरणार नाही.

कलम आठवे. अंत्ययात्रेत पितळी बँड असावा, त्याने वॉल्ट्झ वाजवावा, आणि मिरवणुकीपुढे एक पांढरा कुत्रा चालवावा. हे कलम कापण्यासाठी आहे. ज्याला काही कापायचेच असेल त्याने हे कापावे आणि बाकीचे राहू द्यावे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि एकदा स्वतःच कंटाळलो. खाडाखोड तीन ठिकाणी, तीही माझीच. हा कागद त्याच कॅनमध्ये, कोबीखाली ठेवला जाईल.

येलिसेय त्वेरितिनोव (सही)

साक्षीदार:

१. क्लाव्दिया निकानोरोव्ना पेस्तेरेवा, निवृत्त परिचारिका. (सही. मजकूर वाचला नाही. वाचणारही नाही.)

२. फेदोत सावेलिच मोक्रूशिन, निवृत्त तराफेवाला. (सही. ठसठशीत, ओंडक्यावर खूण करावी तशी.)

ठिकाण: पोगोरेल्स्क, कामगार गल्ली, स्वयंपाकघर.
दिनांक: ९ ऑक्टोबर १९७६, शनिवार.

ताजा कलम. साक्षीदार सह्या करून उठले. क्लाव्दिया निकानोरोव्ना कपाटाकडे गेली, फेदोत दारात थांबून टोपी शोधत होता. त्याला मी सहज विचारले की तळाशी बसलेले लाकूड वर्षानुवर्षे पाण्यात कुजत नाही, हे खरे ना? पुस्तकाचे नावच त्यावर आहे.

"नाही कुजत," तो म्हणाला. "काढावं लागतं, एवढंच. गेल्या साली एक काढलं, चाळीस वर्षांचं. दगडासारखं. कुऱ्हाड फिरली."

"सगळीच तशी निघतात?"

"सगळी कशी रे निघतील? काही बाहेर काढली की दोन दिवस उन्हात ठेवायची खोटी, उभी भेग जाते. मग सरपण. वरून सांगता येत नाही कुठलं कसं ते." त्याला टोपी सापडली. "वोलोग्दाला मोजे जाड घे. इस्पितळात गारठा असतो."

तो गेल्यावर मी हे लिहितो आहे. टपालकचेरीत टेलिफोन आहे. लेनिनग्राद चार मिनिटांत लागते. तिथली मुलगी ओळखीची आहे, ती मला रांगेत उभे करत नाही. रिम्मा ओसिपोव्नांचा क्रमांक मला अकरा वर्षे पाठ आहे. उद्या रविवार, त्या घरी असतील. सोमवारपूर्वी एकच प्रश्न विचारायचा आहे आणि तो मी विचारणार नाही, हे मला आत्ताच माहीत आहे.

फेदोत आणि क्लाव्दिया निकानोरोव्ना वाद घालतात की त्यांनी ते भीतीने लिहिले की दयेने. मी दोघांच्याही वादात मान हलवत आलो. कुत्रा वाचताना त्या हसल्या होत्या, मोठ्याने. कादंबरीबद्दल बोलताना त्या सूप निवतंय म्हणाल्या.

ऑपरेशनची मला काळजी नाही. त्यांनी लिहिले ते खरे असेल, याची आहे.

ये. त्वे.